हळू बोलण्याचे दिवस

मार्गशीर्ष लागला, सकाळी दोरीवरचे कपडे हाताला गार लागायला लागले, की माझा आवाज आपोआप खाली जातो. माझं मला ते कळत नाही. घरातल्यांना कळतं. सून विचारते, "आई, घसा बसलाय का? काढा करून देऊ?" घसा बसलेला नसतो. मी भांडी फडक्यावर पालथी घालते, दाराची कडी हाताने धरून लावते, कुकरची शिट्टी व्हायच्या आत गॅस बारीक करते. मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. त्या पोरांनाही हे ठाऊक झालं होतं. थंडीतले दोन-तीन आठवडे बाई ओरडत नाहीत, मग वर्गही का कोण जाणे, गप बसायचा. चाळीस पोरं आणि पेन्सिलींचा खरखर आवाज. एकदा एक मुलगी जवळ येऊन माझ्या कानात म्हणाली, "बाई, कुणी आजारी आहे का?"

होतं. बहात्तर सालच्या हिवाळ्यात.

त्या वर्षी आमच्या पाथर्डीकडच्या भागात रब्बीची ज्वारी पेरलीच गेली नव्हती. एरवी त्या दिवसांत रानात माणूस उभं राहिलं तर दिसत नाही, इतकी ज्वारीची ताटं उंच झालेली असतात आणि दिवसभर पाखरं राखणाऱ्यांच्या आरोळ्या चालू असतात. त्या साली काळं रान उघडं पडलेलं होतं. भेगा अशा, की काठी घातली तर अर्धी आत जायची. पाखरं नव्हती, कारण दाणा नव्हता. आरोळ्या नव्हत्या, कारण पाखरं नव्हती. ऊसतोडीला जाणारी माणसं दसऱ्याआधीच गेली, उरलेली दिवस उजाडताच खडी फोडायला लांब रस्त्याच्या कामावर जायची. चाऱ्यावाचून बैल घोडेगावच्या बाजाराला गेले आणि त्यांच्याबरोबर घुंगरंही गेली. दुपारी गावात उभं राहिलं, तर स्वतःच्या कानातला आवाज ऐकू यायचा.

आणि त्या शांततेत एकच आवाज. धप. थोडं थांबून पुन्हा धप. आमच्या रिकाम्या गोठ्याच्या भिंतीवर दादाचा चेंडू.

दादा म्हणजे दत्तू, माझा थोरला भाऊ. एकोणीस वर्षांचा. मी पंधराची. तो नगरला बोर्डिंगात राहून शिकला, तिथंच फुटबॉल शिकला. आमच्या गावात कुस्ती होती, कबड्डी होती, पण पायाने खेळायचा खेळ कुणी पाहिला नव्हता. त्यानं पहिल्यांदा चेंडू घरी आणला, चामड्याचा, वरून नाडी बांधलेला, तेव्हा आण्णा, म्हणजे आमचे वडील, तो हातात घेऊन बराच वेळ फिरवत बसले होते.

"हाताला काय झालं म्हनं? पायानं का खेळत्यात?"

"हात लावला तर चूक धरत्यात, आण्णा."

"आरं, मग हात कशाला दिल्यात देवानं?" आण्णा म्हणाले, पण चेंडू लगेच परत दिला नाही.

आईला मात्र तो खेळ आवडायचा नाही. खेळ म्हणजे नगर, नगर म्हणजे पुणे, आणि पुण्याला गेलेलं पोर परत येत नाही, असा तिचा सरळ हिशेब होता. ती कधी त्याचा खेळ बघायला गेली नाही.

दुष्काळामुळं त्या वर्षी दादाचं बोर्डिंग सुटलं, तो घरी आला. संध्याकाळी गावातली पोरं जमवून खेळायचा. मग पोरंही एकेक करून आईबापांमागं कामावर गेली. शेवटी तो एकटाच उरला. भिंतीला कंटाळला की चेंडू काखेत घालून माझ्यासमोर उभा राहायचा.

"मंदे, चल. दगडांच्या मधी हुबी राहा."

"मी? आन् कुनी बघितलं तर?"

"बघायला हाय कोन गावात?"

हे तो हसत म्हणाला होता. खरं होतं तेच म्हणाला होता.

टेकाडाखालच्या आमच्या रानात दोन दगड आठ पावलांवर मांडलेले असायचे. मी परकर वर खोचून मधे उभी राहायची. भर दुपार, चारी बाजूंना काळी जमीन, एक झाड नाही, माणूस नाही. लांबून दादा पळत यायचा. अनवाणी. भेगा चुकवत तो असा पळायचा, की बघणाऱ्याला वाटावं त्याला जमीन लागतच नाही. सुरुवातीला मी चेंडू आला की डोळे मिटायची. "डोळं उघडं ठिव, चेंडू काय खातोय का तुला!" तो ओरडायचा. पंधरा दिवसांत मी झेप घ्यायला शिकले. कोपरं सोलवटून निघाली. आईला मी सांगायची, सरपण वेचताना पडले. माझ्या सगळ्या जन्मात मी इतकी मोकळी पुन्हा कधी झाले नाही. तो आवाज, तो माझ्या छातीवर आदळणारा चेंडू, आणि आजूबाजूला मेल्यासारखं पडलेलं रान. आनंद आणि भीती एकाच जागी उभी असावीत तसं काहीतरी.

एका दुपारी तो पळत येता येता मधेच खाली बसला.

मी जवळ गेले. टाचेच्या पुढं, तळव्यात, खिळा घुसला होता. बैलाच्या पायाला लोखंडी पत्री ठोकतात, तिचा. गंजलेला, दोन पेरं लांब. बैल विकले गेले होते, त्यांच्या पायातला एक खिळा रानात राहिला होता. दादानं दात आवळून तो उपसला. रक्त आलंच नाही म्हणायला हरकत नाही. एक थेंब, तोही काळपट.

"काय न्हाई, एवढंसं तर हाय," तो म्हणाला. मग माझ्याकडं बघून, "मंदे, आईला सांगू नको. आण्णांनाबी न्हाई. आईतवारी नगरला सामना हाय. पुण्याच्या एका कारखान्याची मानसं यायची हायेत बघायला. टीमात घेतलं तर नोकरी लागंल. आईला खिळ्याचं कळलं तर ती जाऊ द्यायची न्हाई."

"घे शपथ," तो म्हणाला.

"तुझ्या गळ्याची शपथ," मी म्हणाले.

मी तेलात हळद कढवून लावली, जुन्या परकराची चिंधी फाडून बांधली. रविवारपर्यंत रोज चोरून बदलली. जखम वरून लगेच मिटली. इतकी मिटली, की तिसऱ्या दिवशी शोधावी लागली. आम्ही दोघंही त्यावर खूश होतो.

रविवारी तो खेळला. सोमवारी दुपारच्या गाडीनं परत आला तेव्हा फाट्यापासून घरापर्यंत पळत आला. दोन गोल केले होते. पुण्याच्या माणसांनी नाव लिहून घेतलं होतं, संक्रांत झाली की ये म्हणाले होते. आण्णांनी विचारलं, "दोन गोल म्हंजी दोन डाव मारले का?" तो म्हणाला, "तसंच समजा." आण्णा उठून बाहेर गेले आणि ओसरीवर एकटेच हसत उभे राहिले. आई चुलीपुढं होती. तिनं जाळ पुढं सारला.

त्यानंतरच्या गुरुवारी सकाळी दादाला भाकरी चावेना.

"दाढ आखडल्यागत झालीय," तो म्हणाला.

"दुष्काळात भाकर मिळतीय, ती चावंना व्हय राजाला?" आई म्हणाली. आम्ही हसलो. तोही हसला, पण अर्धवटच. तोंड पुरतं उघडत नव्हतं. दुपारी मान वळेना. तो ओसरीवर आडवा झाला. मी पाण्याचा हंडा उचलत होते, तो हातातून सुटला आणि दगडावर पडला.

आवाज झाला, आणि दादाची पाठ जमिनीवरून वर उचलली गेली. डोकं टेकलेलं, टाचा टेकलेल्या, मधलं सगळं अंग कमानीसारखं ताणलेलं. हंडा गडगडत राहिला तोवर तो तसाच. हंडा थांबला तसा तो हळूहळू खाली आला. घामानं न्हालेला. डोळे पूर्ण शुद्धीतले, माझ्याकडं बघणारे.

गावात एक म्हातारे कंपाउंडर होते, त्यांना आण्णांनी बोलावून आणलं. त्यांनी तळवा बघितला, जबडा बघितला आणि कुजबुजत म्हणाले, "धनुर्वात हाय. ह्याच्याजवळ आवाज करू नका. उजेड नको, धक्का नको. तसंच नगरला न्या."

तेव्हापासून आम्ही हळू बोलायला लागलो.

बाजेवर घालून चौघांनी त्याला फाट्यावर नेलं. एसटी आली. ड्रायव्हर खाली उतरला, बघितलं, म्हणाला, "मागं नका घेऊ, मागं लई आदळतं. म्होरं घ्या." दोन बाकांच्या मधल्या वाटेत गोधड्या अंथरून दादाला निजवलं. आईनं त्याच्या डोळ्यांवर पदर धरला. कंडक्टरनं घंटीची दोरी ओढली नाही. ड्रायव्हरजवळ जाऊन नुसतं "चला" म्हणाला.

गाडीचा सारखा चालणारा आवाज त्याला सोसत होता. पण पुढं एका वळणावर सवयीनं ड्रायव्हरचा हात हॉर्नवर गेला, आणि दादाचं अंग पुन्हा कमान झालं. दातांतून एक आवाज आला. माणसाचा वाटेना. त्यानंतर गाडीतलं कुणी बोललं नाही. पंचवीस-तीस माणसं होती. एका बाईचं तान्हं कुरकुरायला लागलं, तिनं झटकन पदराखाली घेतलं.

मग करंजीचा घाट आला. हॉर्न न वाजवता तो पार करायचा कसा? पहिल्या वळणाआधी ड्रायव्हरनं गाडी थांबवली. कंडक्टर खाली उतरला, खांद्यावरचा रुमाल हातात घेतला आणि वळणापर्यंत पुढं चालत गेला. पलीकडे बघून त्यानं रुमाल हलवला, तशी गाडी पुढं सरकली. पुन्हा वळण, पुन्हा तो पुढं. समोरून एक ट्रक आला, त्यालाही त्यानं हात जोडून थांबवलं, बोटानं गप राहायची खूण केली. ट्रकवाल्यानं इंजिन बंद केलं. आमची गाडी त्याच्या बाजूनं गेली तेव्हा ट्रकवर बसलेली कामावरची माणसं वरून आत बघत होती. सगळ्यांची तोंडं धुळीनं पांढरी. एकानं डोक्यावरची टोपी काढली. दादा तर जिवंत होता.

त्या दोघांची नावं मला ठाऊक नाहीत. नंतर कितीदा त्या घाटातून गेले, प्रत्येक कंडक्टरच्या तोंडाकडं बघत गेले.

दवाखान्यात कोपऱ्यातली एक खोली होती. खिडक्यांना काळं कापड. डॉक्टर आले, त्यांनी पायांत चपला घातल्या नव्हत्या. त्यांनी आईला सांगितलं, "आत कुणी बोलायचं नाही. त्याला हात लावायचा नाही. हात लागला तरी झटका येतो." आई मान हलवत राहिली. मग व्हरांड्यात येऊन त्यांनी विचारलं, "खिळा, काटा, काही लागलं होतं का? किती दिवस झाले?"

आण्णा म्हणाले, "आमाला काय ठावं न्हाई."

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "मलाबी न्हाई."

ते गेल्यावर एक नर्स दुसरीला म्हणाली, "तेव्हाच एक इंजेक्शन घेतलं असतं तर..." वाक्य तिनं पुरं केलं नाही. मी ते पन्नास वर्षं पुरं करत आले आहे.

पाच दिवस. अंधाराला डोळे सरावले, की खाटेवर दादाचा चेहरा दिसायचा. तो हसत होता. ओठ मागं ओढलेले, दात दिसणारे, भुवया वर गेलेल्या. पहिल्या दिवशी आई बाहेर येऊन आण्णांना कुजबुजली, "हासतोय. मला बघून हासला." मलाही तेच वाटलं. दुसऱ्या दिवशीही तो हसत होता. झोपेतही. झटका येऊन अंग ताणलं जायचं तेव्हाही तेच हसू तोंडावर. तिसऱ्या दिवशी मला ते बघवेना. ते हसू दादाचं नव्हतं. रोगच त्याच्या तोंडानं हसत होता. आईला कुणी हे सांगितलं नाही. नर्सनंही नाही. आई रोज सांगायची, "आज लई हासला."

त्याच्या टीमची पोरं आली. बूट हातात घेऊन, जिन्यापासून अनवाणी. दाराशी एका रांगेत उभी राहिली, एकेकानं आत डोकावलं आणि आल्या पावली परत गेली. अकरा पोरं जिना उतरली आणि एकाच्याही पायाचा आवाज झाला नाही.

चौथ्या दिवशी मी एकटी आत होते. दादानं डोळ्यांनी मला जवळ बोलावलं. दातांच्या फटीतून वारा यावा तसे शब्द आले.

"सांगितलंस?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

त्यानं डोळे मिटले. बरं वाटलं म्हणून, की मी सांगून टाकावं असं त्याला वाटत होतं म्हणून, ते मला कळलं नाही. अजून कळलेलं नाही.

पाचव्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला तो गेला. त्या सकाळी कुठं काही पडलं नाही, कुणी शिंकलं नाही, दार वाजलं नाही. इतकी शांतता आम्ही आधीच्या चार दिवसांतही राखली नव्हती. एक झटका आला आणि श्वास परत फिरला नाही. आईनं तोंड उघडलं, तेवढ्यात नर्सनं तिचे दोन्ही हात धरले. नर्सही रडत होती. "आई, शेजारच्या खोलीत अजून एक पोरगं आहे. पाया पडते तुमच्या." आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

घरी आल्यावर कुणी गप राहायला सांगितलं नव्हतं. तरी आम्ही हळूच बोलत राहिलो. आण्णांचा आवाज पुन्हा कधी चढला नाही. कामावरून माणसं परतायची, आमच्या दारावरून जाताना तीही कुजबुजायची.

पौषातली एक दुपार. घरात मी एकटी होते. आणि धप असा आवाज आला. गोठ्याकडून नाही, टेकाडाखालून. मी कान दिला. थोड्या वेळानं पुन्हा. लांब खडी फुटत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण तिकडून वारा नव्हता. मी उठले आणि रानात गेले. रान तसंच होतं. दोन दगड तसेच. मी मधे जाऊन उभी राहिले, परकर खोचला. समोर कुणी नव्हतं. ऊन होतं, भेगा होत्या. आणि तरी कुणीतरी लांबून पळत येतंय, हे मला कळत होतं. कसं ते विचारू नका. मी डोळे उघडे ठेवले. मग मी उजवीकडं झेप घेतली. मातीत आपटले. दोन्ही तळहात असे झणाणले, की लाल झाले होते. आपटल्यानं झाले असतील.

मान वर केली तर बांधावर आण्णा उभे होते. कधीपासून कोण जाणे. त्यांनी मला उठवलं, अंगावरची माती झाडली. "घरी चल," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते दगड तिथं नव्हते.

पुढं पाऊस आला, रानं पिकली, बैल आले. मी शिकले, नोकरीला लागले, लग्न झालं, पोरं झाली. आमच्या घरात पोराला नुसतं खरचटलं तरी मी त्याला ओढत डॉक्टरकडं नेते. सगळे हसतात. मी हसू देते.

आण्णा गेल्यावर आई माझ्याकडं नगरला राहायला आली. तिचा शेवटचा हिवाळा होता. तो शेवटचा आहे हे ठाऊक नव्हतं. दुपारी अंगणात ऊन खात आम्ही दोघी मटकी निवडत होतो. माझ्या तोंडून निघून गेलं. ठरवलं नव्हतं.

"आई, दादाला खिळा लागला होता ते मला ठाऊक होतं. त्या दिवशीच ठाऊक होतं. मी चिंधी बांधली. मी कुणाला सांगितलं नाही."

आईची बोटं मटकीत फिरत राहिली. खडे बाजूला, दाणे बाजूला.

"त्या दिशी त्यो घरात शिरला तवाच मला कळलं हुतं," ती म्हणाली. "त्याचं पाऊल मला डोळं मिटूनबी कळायचं. एक पाय हलका पडत हुता."

मी मान वर करून तिच्याकडं बघितलं.

"मी इचारलं न्हाई. म्हनलं, लंगडतोय तर बरंच हाय. हरंल. हरला म्हंजी पुन्यावाली मानसं त्याला न्यायची न्हाईत. घरी राहील." तिनं सूप खाली ठेवलं. "तू पंधराची हुतीस, मंदे. मी न्हवते."

अंगणात ऊन होतं. आम्ही दोघी त्यात बसून राहिलो. मग तिनंच विचारलं. लाजल्यासारखं, परक्या माणसाला विचारावं तसं.

"कसा खेळायचा गं त्यो? मी कवा बघितलाच न्हाई."

मी उठले. गुडघे दुखत होते. साडीच्या निऱ्या वर खोचल्या, चपला काढल्या, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेले. आणि मोठ्यानं म्हणाले, "हितनं पळत यायचा बघ."

आईनं कपाळावर आडवा हात धरला, नीट दिसावं म्हणून.